सायकलवाल्याचा चांगला पाय

शिंपीमास्तरांच्या दुकानात दोन माणसांचे कपडे एका मापाने बेतले गेले, असं कधी झालं नव्हतं. एकदा जुळे भाऊ आले, तेव्हासुद्धा मास्तरांनी दोघांना वेगवेगळं उभं करून मापं घेतली. "तोंडं सारखी आहेत हो, पण खांदे कुठे सारखे आहेत?" असं म्हणत त्यांनी धाकट्याच्या बाहीत पाव इंच जास्त धरला. शर्ट अंगात घालून धाकटा आरशासमोर बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, आज पहिल्यांदा शर्ट भावाचा वाटत नाही, माझा वाटतो.

हेच मास्तर रविवारी गळ्यात शिट्टी अडकवून आपल्या टीमला खेळवायला फुटबॉलच्या मैदानावर गेले की त्यांना काय व्हायचं कोण जाणे. समोर पोलिसांची दांडगी टीम असो, नाहीतर संगीत विद्यालयाची काडीपैलवान मंडळी असोत, मास्तरांचा खेळ एकच. चारजण मागे, चारजण मध्ये, दोघं पुढे, आणि चेंडू मिळाला की डाव्या कडेने पळत सुटायचं. "आपण आपला खेळ खेळायचा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "समोरच्याची काळजी समोरच्याच्या घरचे करतील."

समोरच्यांच्या घरच्यांवर तशी वेळ या मोसमात फारशी आलीच नाही. अकरा सामन्यांत मास्तरांची टीम दोनदा जिंकली, आणि त्यातल्या एका सामन्यात समोरची टीम बस चुकल्यामुळे पोचलीच नव्हती.

आता शेवटचा सामना उरला होता, बेकरीवाल्यांशी. तो हातचा गेला तर टीम खालच्या गटात जाणार होती आणि मास्तरांच्या गळ्यातली शिट्टी जाणार होती. क्लबचे सेक्रेटरी म्हणजे चौकातले औषधवाले. त्यांनी स्वतः दुकानात येऊन, खोकल्याच्या गोळ्या द्याव्यात तितक्या गोड आवाजात हे सांगितलं.

"बरोबरी झाली तरी चालेल, मास्तर. पण हरलात तर पुढच्या मोसमापासून आमचे जावईबापू बघतील. त्यांच्याकडे लॅपटॉप आहे."

त्या दुपारी मास्तरांनी एका वकिलाच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या.

त्या बाह्या आधी दिसल्या त्या मास्तरांच्या बायकोला, मास्तरीणबाईला. मास्तरीणबाई हे नाव तिला टीमनेच दिलेलं. लग्नाला चार वर्षं झाली होती, कॉलेजात इतिहास घेऊन पदवी काढली होती, आणि नऊ महिन्यांपूर्वी मुलगी झाल्यापासून काळजी करणं हा तिचा पूर्ण वेळचा धंदा झाला होता. मुलीला घरात सगळे बटण म्हणत. शिंप्याच्या घरात बटण नावाची मुलगी आणि खऱ्या बटणांचे सतरा डबे, म्हणजे आईच्या जिवाला घोरच. मास्तरीणबाई रोज दुकान आवरताना जमिनीवर ओणवी होऊन, एखादं खरं बटण या बटणाच्या हाती लागेल का, ते बघत फिरायची. तिच्या नजरेतून टाचणी सुटत नसे. नवऱ्याचा उतरलेला चेहरा कसा सुटणार?

दुकान म्हणजे एक लांबट खोली. मधोमध कापायचं टेबल, खिडकीशी दोन मशिनं, मागे पडदा आणि पडद्यामागे घर. पहिल्या मशिनवर मास्तर, दुसऱ्यावर त्यांचा धाकटा भाऊ. तो टीमच्या पुढच्या फळीतला खेळाडू आणि मास्तरीणबाईचा भाऊजी. दारालगतच्या खुर्चीत सासूबाई काज-बटणं करत बसत. काउंटरमागच्या उंच स्टुलावर मास्तरीणबाई, समोर मापांची वही. मास्तर गिऱ्हाइकाच्या अंगाशी वाकून आकडे सांगणार, आणि ती आपल्या सुरेख अक्षरात ते रकान्यांत लिहिणार, अशी चार वर्षांची वहिवाट होती.

"अहो," मंगळवारी दुपारी तिने विषय काढला, "एक विचारू?"

"कोटाबद्दल सोडून काहीही विचार," मास्तर बाही उसवत म्हणाले.

"उद्या तो जाडा सावकाश चालणारा हेडमास्तर आणि ती सडसडीत नर्सबाई, दोघं एकदम आले, तर तुम्ही दोघांना एकच पॅटर्न लावाल?"

"मला वेड लागलंय का?"

"मग बेकरीवाल्यांना आणि पोलिसांना एकच पॅटर्न कसा लावता?"

भाऊजीचं मशीन एकदम थांबलं. "वहिनी, तुम्ही आज नेमकी शीरच पकडलीत हां."

"तू शिलाई बघ," मास्तर भावावर खेकसले. मग बायकोकडे वळून म्हणाले, "हे बघ. पोरं आठवड्यातून दोनदा जमतात. एकच गोष्ट धड शिकवायला वर्ष जातं. दर रविवारी नवीन शिकवत बसलो, तर एकाला एक आठवेल, दुसऱ्याला दुसरं. त्यापेक्षा आपलं जे आहे ते पक्कं करावं."

"पक्कंच आहे दादा," भाऊजी म्हणाला. "इतकं पक्कं की समोरच्यांनाही पाठ झालंय. परवा त्यांचा गोलकीपर मलाच म्हणाला, आता डावीकडून येणार ना?"

"मी दोन मुलगे वाढवले," सासूबाई दोरा दाताने तोडत म्हणाल्या, "ते एकाच पद्धतीने. वेळेवर जेवण, वेळेवर झोप, आगाऊपणा केला की पाठीत धपाटा. पॅटर्न बदलत नाही बसले."

"हो ना आई," मास्तरीणबाई गोड आवाजात म्हणाली, "आणि बघा, दोघं कसे अगदी एकसारखे निघाले."

सासूबाईंनी एकदा थोरल्याकडे पाहिलं, जो टाचण्या रंगाप्रमाणे लावून ठेवत असे. मग धाकट्याकडे पाहिलं, ज्याने चहाचा कप ग्राहकाच्या नव्या पँटवर ठेवला होता. मग त्यांनी पुढचं काज हातात घेतलं.

मास्तरांच्या ओठांच्या कोपऱ्यात किंचित हसू आलं. मास्तरीणबाईने लोखंड तापलंय असं पाहून लगेच वही पुढे केली.

"आणि बेकरीवाल्यांना बघायला जायचीही गरज नाही. त्यांच्या चड्ड्या आपणच शिवल्यात."



दोन महिन्यांपूर्वी बेकरीची सगळी टीम मापं द्यायला येऊन गेली होती. खेळाडूंच्या दोन्ही मांड्या मास्तर वेगवेगळ्या मोजत, कारण ज्या पायाने माणूस चेंडू मारतो ती मांडी जाड होते, असा त्यांचा पंचवीस वर्षांचा अनुभव. शिवताना मात्र दोन्ही बाजू जाड मांडीच्याच मापाने कापायच्या, म्हणजे कुठे काचत नाही. तर वहीच्या त्या पानावर बेकरीवाल्यांच्या अकरा जणांचे पाय ओळीने लिहिलेले होते. त्यात त्यांचा तो नवा माणूसही होता, नदीपलीकडे सायकलवरून पाव पोचवणारा. तो टीममध्ये आल्यापासून बेकरी एकही सामना हरली नव्हती.

"सायकलवाला," तिने बोट ठेवलं. "डावी मांडी साडेचोवीस, उजवी तेवीस. दीड इंचाचा फरक आहे, अहो. म्हणजे मारतो तो डाव्यानेच."

मास्तरांनी वही मिटली. "नाही."

"का?"

"गिऱ्हाईक आपल्यासमोर हात वर करून उभं राहतं. पोट आत ओढतं, तरी आपण खरं माप लिहितो आणि कुणाला सांगत नाही. डॉक्टरकडचा कागद आणि शिंप्याची वही सारखीच."

हे त्यांनी इतक्या गंभीरपणे सांगितलं की भाऊजीलाही चेष्टा सुचली नाही. मास्तरीणबाईने वही बाजूला सारली. पण बुधवारी मास्तर जेवताना दोनदा पाण्याचा पेला शोधत राहिले, पेला समोर असताना. गुरुवारी जावईबापू दुकानासमोरून गेले, बगलेत लॅपटॉप. मास्तर त्यांच्या पाठीकडे बघत म्हणाले, "चालताना उजवीकडे झुकतो. त्याला सांगायला हवं, कोट वाकडा दिसतो," आणि हातातली बाही पुन्हा उलटी टाचू लागले, तेव्हा तिला राहवेना. ही शिट्टी गेली तर ते घरी काय करतील, ते तिला स्पष्ट दिसत होतं. ते काहीच करणार नव्हते. रविवारी दुकान उघडून बसतील आणि कुणी विचारलं तर म्हणतील, बरं झालं, कामं तुंबली होती. दहा वर्षं त्यांनी दुसरं काही स्वतःसाठी केलं नव्हतं.

"आकडा सांगू नका ना," ती म्हणाली. "फक्त पाय सांगा. पाय तर तो भर मैदानात सगळ्यांना दाखवतोच."

मास्तरांनी बराच वेळ टेप गळ्याभोवती इकडून तिकडे ओढली. "फक्त पाय," ते शेवटी म्हणाले.

शुक्रवारी सरावाला टीमने मास्तरांचं नवीन रूप पाहिलं. पोस्टमन हा टीमचा कॅप्टन, लांब पायांचा आणि शब्दाचा पक्का. सायकलवाल्याला सांभाळायचं काम त्याच्यावर आलं. "त्याच्या डाव्या अंगाला चिकटून उभा राहा," मास्तरांनी सांगितलं. "चेंडू डाव्या पायावर घेऊच द्यायचा नाही. नाइलाजाने तो उजवीकडे वळेल, आणि उजवा पाय त्याचा नुसता उभं राहण्यापुरता आहे."

"हे तुम्हाला कसं कळलं मास्तर?" गोलकीपरने विचारलं. तो नळदुरुस्तीवाला, प्रत्येक गोष्ट कुठून गळते ते शोधायची सवय.

"कळलं," मास्तर म्हणाले.

रविवारी आभाळ स्वच्छ होतं आणि मैदानाकडेच्या दोरीशी गर्दी होती. सासूबाई आपली घडीची खुर्ची घेऊन आल्या होत्या. मास्तरीणबाईने चटई घातली, चटईवर बटणला बसवलं, भोवती पिशव्यांचं कुंपण केलं आणि टोपी, पाण्याची बाटली, दुसरी टोपी असं सगळं हाताशी ठेवलं. दोरीपलीकडे सेक्रेटरी आणि जावईबापू. लॅपटॉप उघडाच होता.

पहिली दहा मिनिटं योजना अशी चालली की बघत राहावं. पोस्टमन सायकलवाल्याच्या डाव्या अंगाला पाकिटाला तिकीट चिकटावं तसा चिकटला होता. सायकलवाल्याने दोनतीनदा त्याच्याकडे नवलाने पाहिलं. मग तो उजवीकडे वळला. उजवीकडे त्याला अडवायला चिटपाखरू नव्हतं. त्याने निवांत दोन पावलं टाकली, उजवा पाय मागे नेला आणि चेंडू गोलकीपरच्या कानाजवळून जाळ्यात गेला.

"योगायोग," भाऊजी ओरडला. "उजव्याने एकदा लागून गेला! तसंच धरून ठेव!"

पोस्टमनने तसंच धरून ठेवलं. शब्दाचा पक्का माणूस. पंचविसाव्या मिनिटाला सायकलवाला पुन्हा उजवीकडे वळला, पुन्हा कुणी नव्हतं, पुन्हा उजवा पाय. दोन शून्य.

मास्तरीणबाई चटईवरून अर्धी उठली. एखादा माणूस एकदा चुकीच्या पायाने गोल मारील. दोनदा? आणि तोही इतका ऐटीत? तिने मास्तरांकडे पाहिलं. मास्तर हात मागे बांधून ताठ उभे होते. शिट्टी चावत नव्हते, म्हणजे फारच वाईट.

एवढ्यात बटणने पायातला मोजा काढून फेकला. एका पायातला मोजा काढायचा आणि दुसऱ्यातला ठेवायचा, ही तिची महिन्याभरातली कला. दुसरा पाय ती का हलवत नाही, या काळजीने मास्तरीणबाई तिला डॉक्टरकडेही दाखवून आली होती. डॉक्टरांनी मुलीला तपासून आईलाच नीट झोपायचा सल्ला दिला होता. मास्तरीणबाई मोजा घेऊन मुलीसमोर गुडघे टेकून बसली. "नेहमी हाच डावा पाय कसा गं उघडा," असं पुटपुटत तिने मोजा चढवला, आणि तिचा हात तिथेच थांबला.

तो डावा पाय नव्हता. समोर बसलेल्या बटणचा तो उजवा पाय होता. तिच्या स्वतःच्या डाव्या हाताशी होता, एवढंच.

मग तिला आपलं स्टूल दिसलं. समोर गिऱ्हाईक, तिच्याकडे तोंड करून. मास्तर गुडघ्यावर, तोंडात टाचण्या, त्यामुळे बोलणार फक्त आकडे. पहिला आकडा नेहमी उजव्या पायाचा, ही त्यांची सवय. आणि समोरच्याचा उजवा पाय येणार तिच्या डाव्या हाताला. ती पहिला आकडा डाव्या मांडीच्या रकान्यात लिहीत आली होती. चार वर्षं! चड्डी शेवटी जाड मांडीच्या मापानेच कापली जायची, त्यामुळे ही गफलत कुणाच्या कपड्यात कधी उतरलीच नव्हती. ती पहिल्यांदा उतरली ती आज, गोलमध्ये.

म्हणजे अर्धा तास आपली टीम त्या माणसाला हाताला धरून त्याच्या चांगल्या पायाकडे पोचवत होती.

मध्यंतराची शिट्टी झाली. तिने बटणला उचललं आणि ती निघाली. दोरीपासून टीमपर्यंत वीस पावलं असतील. त्या वीस पावलांत तिने तीन वेळा ठरवलं की घरी गेल्यावर सांगू. सगळ्यांसमोर कसं सांगायचं? वही माझी, कल्पना माझी, हट्ट माझा. पण घरी जाईपर्यंत शिट्टी गेलेली असेल.

"अहो," ती म्हणाली, "पाय उलटे लिहिलेत."

"कुणी?"

"मी. तुम्ही उजव्यापासून सांगता, मी समोरून लिहिते. तुमचा उजवा माझ्या वहीत डावा झालाय." तिने बटणचा पाय पुरावा म्हणून पुढे केला. बटणने तो मास्तरांच्या पोटात मारला.

"वही? कसली वही?" नळवाल्याने विचारलं. त्याला उत्तर कुणी दिलं नाही, पण गळती कुठे आहे ते त्याला बहुतेक कळलं.

मास्तर बायकोकडे बघत होते. "किती दिवस?"

"चार वर्षं."

"चार वर्षं अख्ख्या वस्तीचे पाय उलटे?"

"पण एकाचीही पँट बिघडली नाही हो!" तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि आवाज मात्र भांडणाचा निघाला.

भाऊजीला हसू आवरेना म्हणून त्याने तोंड टॉवेलमध्ये खुपसलं. नळवाला विचार करून म्हणाला, "पण मास्तर, आता आपण बाजू बदलणार ना? म्हणजे डावं आपोआप उजवं होईल. काही करायलाच नको."

"अरे, आपण फिरलो तर तोही फिरणार ना," पोस्टमन म्हणाला. "त्याचा पाय काय गोलपोस्टला बांधलाय?" मग त्याने मास्तरांकडे पाहिलं आणि जरा दुखावल्या आवाजात म्हटलं, "खरं सांगू का, मला दहाव्या मिनिटाला कळलं होतं. तुम्ही सांगितलं होतं म्हणून धरून ठेवलं."

हे ऐकून मास्तर खाली बसले. "म्हणून मी म्हणत होतो," ते हळू म्हणाले, "आपण आपला खेळ खेळावा. दुसऱ्याकडे बघायला गेलो आणि हे झालं. आता उरलेला वेळ जसं येतं तसं खेळा. डावीकडून."

डावीकडून म्हटल्यावर अकरा माना खाली गेल्या. जसं येतं तसं म्हणजे काय, ते त्यांना अकरा सामन्यांपासून माहीत होतं.

मास्तरीणबाईला खरं तर तिथून पळून जायचं होतं. त्याऐवजी ती म्हणाली, "तुम्ही कोट पहिल्या खेपेला पक्का शिवता का?"

"काय?"

"कच्चे टाके घालून ट्रायलला बोलावता. गिऱ्हाईक घालून बघतं, काखेत ओढतंय म्हणतं. तेव्हा तुम्ही काय करता? त्याला म्हणता का, की चूक झाली, आता कोट नकोच, जुना शर्टच घाल?"

मास्तरांचा हात सवयीने गळ्यातल्या टेपकडे गेला, हाती लागली शिट्टी.

"अर्धा सामना झालाय," ती म्हणाली. "ही ट्रायल समजा. वही चुकली, मी चुकले. माप घ्यायचंच नाही, असं त्यातून कुठे निघतं?"

सासूबाई खुर्ची घेऊन कधी येऊन उभ्या राहिल्या ते कुणाला कळलं नव्हतं. "उसव की रे," त्या म्हणाल्या. "बसलायस काय. वेळ चाललाय."

मास्तर उठले. आणि दहा वर्षांत न केलेली गोष्ट त्यांनी केली. त्यांनी टीमला विचारलं, "तुम्हाला काय दिसलं?"

आधी कुणी बोलेना, सवयच नव्हती. मग सगळे एकदम बोलायला लागले. पोस्टमन म्हणाला, सायकलवाल्याला उजवीकडून दाबलं तर तो चेंडू सोडून देईल. भाऊजी म्हणाला, त्यांचे मागचे दोघं मी डावीकडून येणार म्हणून आधीच तिकडे सरकतात, मध्ये मैदान मोकळं पडतं. नळवाला म्हणाला, मला ऊन डोळ्यांत होतं, आता त्यांच्या गोलकीपरला असेल, चेंडू उंच मारा. मास्तर प्रत्येकाचं ऐकून घेत मान हलवत होते, तोंडात टाचण्या असल्यासारखे गप्प.

दुसऱ्या अर्ध्यात पोस्टमन सायकलवाल्याच्या उजव्या अंगाला गेला. सायकलवाला बिचारा डावीकडे वळला, समोर मोकळं मैदान होतं, त्याने डावा पाय उगारला आणि चेंडू गोलच्या विरुद्ध दिशेला, पार चहाच्या टपरीकडे गेला. असं दोनदा झाल्यावर त्याला कुणी चेंडू देईना. साठाव्या मिनिटाला भाऊजी डावीकडे निघाल्याचं सोंग करून मधून घुसला. दोन एक. जावईबापूंनी लॅपटॉपवर काहीतरी टाइप केलं, मग खोडलं.

त्यानंतर मात्र बेकरीवाले सगळेच आपल्या गोलसमोर भिंत करून उभे राहिले. जवळजवळ अर्धा तास काहीच होईना. मास्तरीणबाईने बटणला टोपी घातली, काढली, दुसरी घातली. शेवटच्या मिनिटाला कोपऱ्यातून चेंडू आला, उंच, उन्हातून. त्यांचा गोलकीपर डोळ्यांवर हात धरून चाचपडला, चेंडू कुणाच्या तरी डोक्यावरून उडाला आणि धापा टाकत पाठ करून उभ्या असलेल्या पोस्टमनच्या पाठीवर आदळून जाळ्यात गेला. पोस्टमनला गोल झाल्याचं भाऊजीने मिठी मारल्यावर कळलं.

दोन दोन.

मास्तरांनी आरडाओरडा केला नाही. ते सरळ मैदान ओलांडून बेकरीच्या मालकाकडे गेले. तोच त्यांच्या टीमचाही मालक, दांडगा माणूस, कानांच्या पाळ्यांवर रविवारीसुद्धा पीठ. मास्तरीणबाई मागोमाग गेली, कारण काय सांगायला चालले आहेत ते तिला कळलं होतं आणि ते त्यांनी एकट्याने सांगावं असं तिला वाटत नव्हतं.

"तुमच्या माणसाचं माप मी वहीतून पाहिलं," मास्तर म्हणाले. "खेळासाठी. तसं करायला नको होतं. पुढची चड्डी दुसरीकडे शिवलीत तरी मी समजून घेईन."

बेकरीवाल्याने कानाची पाळी चोळली. "म्हणजे पहिल्या अर्ध्यात तो पोस्टमन आमच्या पोराला चांगल्या पायाकडे ढकलत होता, ते माप बघून?"

"हो. माप उलटं लिहिलं होतं."

"मी उलटं लिहिलं होतं," मास्तरीणबाई म्हणाली.

"तुम्ही आमचं माप चोरलंत," बेकरीवाला बोटांवर मोजत म्हणाला, "तेही चुकीचं चोरलंत, आम्हाला दोन गोल दिलेत, आणि आता माफी मागायला आलात?" आणि तो इतक्या जोरात हसला की बटण दचकून रडायला लागली. "मास्तर, दुसरीकडे कुठे जाऊ हो? माझं पोट झाकणारा माणूस या गावात दुसरा नाही. फक्त ती वही कुलपात ठेवा."

"आजपासून," मास्तर म्हणाले.

सेक्रेटरी वाटेतच भेटले. बरोबरी म्हणजे बरोबरी, शब्द म्हणजे शब्द. शिट्टी राहिली. "पण एक सांगा," त्यांनी गोळ्या देण्याच्या आवाजात विचारलं, "तो पाठीने गोल, ही योजना होती का?"

"नाही," मास्तर म्हणाले. "पण तो तिथे उभा होता."

घराकडे निघताना मास्तरांची बोलण्याची टाकीच फुटली. पुढच्या मोसमात वही नाही, नजर. प्रत्येक टीमचा सामना आधी जाऊन बघायचा, निदान दोनदा. दर शनिवारी दोन टीम, म्हणजे बारा टीम सहा शनिवारांत, आणि पुन्हा एक फेरी.

"कोण बघणार?" मास्तरीणबाईने विचारलं.

"तू आणि मी. तुझ्यासारखं बघणारं टीममध्ये आहे कोण?"

"आणि काज-बटणं काय मी एकटीने करायची?" सासूबाई म्हणाल्या.

"शनिवारी पण?" मास्तरीणबाई म्हणाली.

"शनिवारी पण."

रविवार नवऱ्याच्या गळ्यात राहावा म्हणून ती आठवडाभर झुरली होती, आणि आता शनिवारही गेला होता. भाऊजीने तिच्याकडे बघून डोळे मिचकावले. तिने रागवायचं ठरवलं, तसं तोंडही केलं. तेवढ्यात तिचं लक्ष मैदानाच्या टोकाला गेलं. त्याच मैदानावर पुढचा सामना अग्निशमनवाल्यांचा होता आणि ते अंग मोकळं करत होते. त्यांचा धिप्पाड गोलकीपर चेंडू झेलत होता. एक झेलला. दुसरा झेलला. ती चालता चालता थांबली.

"अहो, जरा थांबा."

"काय झालं? बटणला काही झालं का?"

"नाही. तो बघा. उंच चेंडू आला की डोळे मिटतो."

मास्तरांनी कानावरची पेन्सिल काढली. "नक्की?"

"घाई नका करू," ती म्हणाली. तिने बटणला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि दोरीशी जागा धरली. "अजून पाच-सहा चेंडू बघू दे."